पाठुंगळी घेतो म्हणाला होता

नाही, तिथे नाही हो, जरा खाली… अजून खाली… आऽऽई गं! हां, तिथेच! चिकटवा ती औषधाची पट्टी तिथेच, आणि वरून तळहाताने जरा दाबा, नाहीतर शर्ट घालताना निघते आणि मग दिवसभर बाहीत फिरते, आणि हसू नका, गावाच्या न्हाणीघरात उघड्या माणसाच्या पाठीला कुणीही हसेल, पण तुम्हाला सांगतो, ही पाठ आहे ना, ही पाठ बावन्न वर्षं एका माणसाच्या शब्दावर आपटत आलीय. एका माणसाच्या! कादोवाकीच्या! तोच तो, पुलाजवळचा साकेवाला, गोल तोंडाचा, कुणी काही विचारलं की प्रश्न संपायच्या आत ‘हो’ म्हणणारा! लोक पाठीत खंजीर खुपसतात म्हणे. याने खंजीरबिंजीर काही नाही, सरळ पाठच आपटली! पाठुंगळी घेतो म्हणाला होता हो… पाठुंगळी घेतो म्हणाला होता!

तुम्ही रविवारी तालमीत आला नव्हतात ना? बरं झालं. नव्हता आलात तेच बरं. पण आता पट्टी लावलीच आहे तर ऐका, बसा त्या स्टुलावर, दूध पीत पीत ऐका.

मी नऊ वर्षांचा, तो दहाचा. ज्युदोच्या तालमीत माझा पहिला दिवस. पायजमा इतका मोठा की नाडी दोनदा कमरेभोवती फिरली. मुनेकाता गुरुजी तेव्हा बत्तीसचे, मान अशी, खांदे असे, आणि आवाज असा की खिडकीचा कागद थरथरायचा. ते कुणाला तरी ओरडत होते तेवढ्यात हा माझ्याजवळ आला, गोड हसला, म्हणाला, “ए नवीन, चल, तुला पाठुंगळी घेतो.” आता मला सांगा, नऊ वर्षांच्या पोराला पाठुंगळी घेतो म्हटल्यावर ते काय करणार? मी विचारलं, “पुलापर्यंत नेशील?” “नेतो की!” म्हणाला. मी गळ्यात हात टाकले. पाय सुद्धा गुंडाळायच्या बेतात होतो! आणि मग… आधी छत दिसलं, मग माझेच पाय दिसले, मग परत छत दिसलं, आणि धप्प!

सेओई-नागे! सेओई म्हणजे पाठीवर घेणं आणि नागे म्हणजे फेकणं. नावातच सगळं सांगून ठेवलंय हो, फसवलं असं म्हणायला सुद्धा जागा नाही! पण पोराला पहिला शब्द ऐकला की दुसरा कुठे ऐकू येतो?

रडायला तोंड उघडलं होतं मी, तेवढ्यात गुरुजी धावत आले, आणि मला वाटलं आता कादोवाकीच्या कानाखाली बसणार. तर गुरुजी माझ्याकडे बघून म्हणतात, “वा! काय पडला! काऽय पडला!” संपलं. त्या दोन शब्दांनी माझ्या जन्माचं मातेरं झालं. त्या दिवसापासून तो फेकणारा आणि मी पडणारा. मोठे झालो, काळे पट्टे मिळाले, लग्नं झाली, केस गेले, पण वाटणी तीच. दर वर्षी अकरा जानेवारीला नव्या वर्षाची तालीम उघडते, देवापुढची मोची, म्हणजे तांदळाची कडक वडी, फोडतात, मोचीचे तुकडे घातलेली अझुकीच्या लाल दाण्यांची गरम गोड खीर मिळते, आणि खिरीच्या आधी अख्ख्या गावापुढे दोन जुन्या गड्यांनी फेकीचे प्रकार करून दाखवायचे असतात. ते दोन जुने गडी छत्तीस वर्षं आम्हीच. म्हणजे फेकायचं त्याने, आणि ‘दाखवायचं’ मी!

आणि प्रकार तरी किती! लोकांना वाटतं पाठुंगळीची फेक एकच. अहो, एकहाती असते, तिच्यात तो तुमचा दंड काखेत असा आवळतो की जणू उसनी छत्री परत द्यायची नाहीये. दोन्ही हातांची असते, एक हात बाहीला, एक कॉलरला, ती त्यातल्या त्यात सभ्य. नुसत्या कॉलरची असते. डावी असते. आणि एक असते गुडघ्यावरची, तिच्यात फेकणारा मध्येच बसकण मारतो, तुम्हाला पाठीवर घेतच नाही, तुम्ही आपले त्याच्यावरून खाली. तिचं नाव सुद्धा मी घेत नाही, का ते पुढे कळेल. तर या सगळ्यांतून मी गेलोय! वरून गेलोय! आणि माझी आई, छत्तीस वर्षं पहिल्या रांगेत बसते. तिला काय दिसतं? माझे तळपाय! सोहळा संपला की बाकीच्यांच्या आया म्हणतात, “छान केलंस हो बाळा.” माझी आई म्हणते, “यासू, टाचांना भेगा पडल्यात तुझ्या, तेल लाव.”

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही फेकलंस एकदा? तोंड नव्हतं का तुला? होतं! तोंडानेच घात केलाय! गुरुजी दर वर्षी सगळ्यांसमोर मला विचारतात, “उराबे, यंदा तू फेकशील?” विचारतात हो, माणूस न्यायी आहे. पण आपल्यात रीत काय आहे? मोठ्या माणसाने मान दिला की पहिल्यांदा म्हणायचं, “छे छे, माझी कुठे लायकी!” दुसऱ्यांदा विचारलं की तेच जरा हळू म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालायची, कान लाल करायचे आणि म्हणायचं, “आता आपण एवढं म्हणताच आहात तर…” चहाच्या दुसऱ्या कपाला सुद्धा हेच करतो की नाही आपण? करतो! तर माझं पहिलं ‘छे छे’ व्हायचं, आणि पहिल्या नाहीच्या आणि दुसऱ्या विचारण्याच्या मध्ये जी एवढीशी फट असते ना, त्या फटीत कादोवाकी घुसायचा. “मी आहे गुरुजी!” खणखणीत! लाज? ती त्याच्या दुकानात ठेवतच नाहीत. छत्तीस वर्षं मी दुसऱ्या ‘छे छे’पर्यंत पोचलेलो नाही!

आता गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. आई सत्त्याऐंशीची झाली. दुपारी ओसरीवर बसून पर्सिमॉन सोलत होती, साल एकसंध निघावी म्हणून जीभ बाहेर काढून, आणि मान वर न करता म्हणाली, “यासू, पुढच्या जानेवारीला मी असेन, त्याच्या पुढच्याचं कुणी सांगावं. एकदा तरी तुला उभा बघू दे रे. दुसरा पडलाय आणि तू उभा आहेस, असं. तुझं तोंड कसं दिसतं तेव्हा, ते बघायचंय.”

साल तुटली नाही तिची. मी तसाच उठलो आणि कादोवाकीच्या दुकानात गेलो, उभ्या उभ्या पितात ना तिथे लोक, त्या फळीशी, आणि सगळं सांगितलं. आणि तुम्हाला सांगतो, तो रडला. खरंच रडला! भाजलेला सुका माकूळ तोंडात तसाच, आणि डोळ्यांतून पाणी. फळीवर मूठ आपटून म्हणाला, “संपलं! यंदा मी पडतो! गुरुजींनी मला शंभरदा विचारलं तर शंभरदा नाही म्हणेन. तू नाही म्हणालास तर मी सांगेन, नाही गुरुजी, यंदा उराबेच. लेका यासू, यंदा तू मला पाठुंगळी घे!” मी त्याच्या गळ्यात पडलो. बावन्न वर्षांनी परत त्याच गळ्यात पडलो, आणि अक्कल तीच, नऊ वर्षांची!

मग सराव सुरू केला. आम्ही पिढीजात तातामीवाले, पेंढा दाबून दाबून त्याच्या जाड गाद्या करायच्या, वर लव्हाळ्याची चटई शिवायची, घराघरांत अंथरायच्या. एकेक गादी तीस किलोची. रोज सकाळी कारखान्यात एक पाठीवर घ्यायची, वळायचं, वाकायचं, आणि धाडकन! बायको ओरडायची, “अहो, गिऱ्हाइकाचा माल आहे तो, कादोवाकी नव्हे!” दोन महिने! एकसष्टाव्या वर्षी! आरशासमोर उभं राहून तोंड कसं ठेवायचं त्याचा सुद्धा सराव केला, कारण आईला तोंड बघायचं होतं. फार हसलो तर हलकट दिसतो. अजिबात नाही हसलो तर बद्धकोष्ठ झाल्यासारखा दिसतो. मधलं एक सापडलं शेवटी.

आता एक सांगतो, पण ते या न्हाणीघराच्या बाहेर जाता कामा नये. जरा बघा, कुणी ऐकत नाही ना… तालमीतली सगळी तातामी आमच्या घरची. आणि देवाच्या कोनाड्याकडून तिसऱ्या ओळीतली दुसरी, जिच्यावर पडणारा नेमका पडतो, ती मी छत्तीस वर्षं जरा मऊ करत आलोय. पेंढा कमी दाबायचा, आत एक थर सैल ठेवायचा. कुणाला कळत नाही. माझीच पाठ, माझीच तातामी, त्यात काय पाप? पण या डिसेंबरमध्ये मनात आलं… यंदा त्यावर मी थोडाच पडणार आहे? यंदा पडणार कादोवाकी! बावन्न वर्षांचं सगळं एकदम आठवलं हो मला. ती मऊ गादी उचलली, आणि तिच्या जागी नवी करून घातली. अशी दाबली, अशी दाबली की मशीन कण्हलं! तिला बिजागऱ्या लावल्या असत्या तर वाड्याचं दार झालं असतं. करताना मी गाणं म्हणत होतो, हे सुद्धा सांगून टाकतो.

तर रविवार. थंडी मरणाची. आई पहिल्या रांगेत, नवा चष्मा, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. गुरुजी आता चौऱ्याऐंशीचे, कान गेलेत, आवाज आहे. आम्ही दोघे गुडघे टेकून समोर. मी कादोवाकीकडे बघितलं, त्याने मला डोळा मारला. गुरुजींनी घसा साफ केला. “उराबे! यंदा तू फेकशील?”

आता हो म्हणायचं. एवढंच तर करायचं होतं! पण तुम्हाला सांगतो, माझ्या वडिलांनी, त्यांच्या वडिलांनी, सगळ्या उराब्यांनी मिळून माझ्या तोंडात जे बसवलंय ते माझ्या आधी बोललं. “छे छे गुरुजी, माझी कुठे लायकी!”

काही हरकत नाही, म्हटलं. रीत आहे ती. आता कादोवाकी आहे ना! आता तो म्हणणार, नाही गुरुजी, यंदा उराबेच. शंभरदा म्हणणार होता, एकदा म्हणाला तरी पुरे. गुरुजी वळले. “मग कादोवाकी, तू?”

“मी आहे गुरुजी!”

अहो, खणखणीत! गेल्या वर्षीपेक्षा खणखणीत! म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याचं स्वतःचंच तोंड असं उघडं पडलं. माझ्याकडे बघतोय. मी त्याच्याकडे बघतोय. ओठांतल्या ओठांत म्हणतो, “यासू… निघून गेलं रे!” निघून गेलं! शब्द म्हणजे काय गॅस आहे? गुरुजींच्या कानात ‘मी आहे’ तेवढं शिरलं, मान डोलावली, आता बदलायचं म्हणजे गुरुजींचा अपमान, तोही देवाच्या कोनाड्यासमोर. उठलो. आईने चष्मा पुसला. तिला बिचारीला अजून वाटत होतं…

उभे राहिलो. मी मूठ उगारून पुढे जायचं, त्याने हात पकडायचा, वळायचं, पाठीवर घ्यायचं, फेकायचं. एकहाती. ठरलेली. पुढे जाताना मी दातांतून सांगितलं, “तातामी बदल. दोन पावलं डावीकडे हो.” तो दातांतून म्हणाला, “काय?” मी म्हटलं, “डावीकडे!” त्याला वाटलं डाव्या बाजूची फेक! तो डावीकडे वळायला लागला, मग उजवीकडे वळला, मध्ये कुठेतरी त्याचा गुडघा कट्टकन वाजला, आणि मी तर सवयीने उडी मारून मोकळा! हो, उडी मीच मारतो, छत्तीस वर्षं मारतोय, तुम्हाला काय वाटलं, तो ब्याऐंशी किलो उचलतो? मी हवेत, पाठ शोधतोय, आणि खाली पाठच नाही! बसला होता! गुडघे टेकून बसला होता! गुडघ्यावरची! आयुष्यभर पाठुंगळी घेतो म्हणाला आणि शेवटी पाठ सुद्धा दिली नाही हो!

तिसरी ओळ. दुसरी तातामी.

आवाज झाला तो धप्प नव्हता. तो ठक्क होता. मी तातामीवाला आहे, मला आवाजावरून माल कळतो. पडल्या पडल्या, श्वास बंद, डोळ्यांपुढे काजवे, आणि डोक्यात पहिला विचार काय, तर… काम चोख झालंय.

आणि मग गुरुजी, चौऱ्याऐंशी वर्षांचे, हातातली काठी टाकून टाळ्या वाजवतात, “वा! काय पडला! काऽय पडला!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठायला गेलो, कमरेने साफ नकार दिला, आणि तिने एकदाच दिला, पुन्हा विचारायची सोय नव्हती. आई हळूहळू उठून आली, काठी टेकत, माझ्या पायांशी उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मला रडू येत होतं, तिला सांगायचं होतं की आई, हे असं ठरलं नव्हतं गं. तर म्हणाली, “यंदा भेगा भरल्या तुझ्या.”

डॉक्टर खिरीसाठी आलेच होते, वाटी खाली ठेवून त्यांनी पाठ चाचपली, म्हणाले हाड शाबूत आहे, कंबर धरलीय, घरी नेऊन निजवा. आणि तेव्हा कादोवाकी माझ्यासमोर येऊन पाठ करून उकिडवा बसला. “चढ.”

मी म्हटलं, “तुझ्या पाठीवर? मेलो तरी नाही.”

“चढ म्हणतो ना.”

“छे छे, नको, चालेन मी…” झालं, परत तेच! पण या वेळी त्याने पुन्हा विचारलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा त्याने दुसऱ्यांदा विचारलं हो! “यासू, चढ.” चढलो. मग काय करणार?

भर दुपारी, अख्ख्या गावासमोर, ज्युदोच्या पांढऱ्या कपड्यांत बासष्टीच्या पाठीवर एकसष्टीचा, आणि मागे माझी आई, एका हातात काठी, एका हातात माझ्या वाटणीची खीर. गुडघे त्याचे कटकट वाजतायत, पण चालतोय! मी विचारलं, “आत तालमीत कुठे गेले होते हे गुडघे?” त्याने मला जरा वर सरकवून घेतलं. दुधाच्या दुकानापाशी म्हणाला, “यासू, ती तातामी यंदा कडक का होती रे?”

मी दुकानातल्या बाटल्या मोजायला लागलो.

“छत्तीस वर्षं मऊ असते. मला काय माहीत नाही? सोहळा झाला की मी तिच्यावरच बसून खीर खातो. यंदाच कडक. का बरं? यंदा मी पडणार होतो म्हणून?”

मी त्याच्या मानेकडे बघत होतो. पांढरे केस, घाम, कानामागे लहानपणचा तोच तीळ. मी म्हटलं, “पेंढा नवीन होता.”

“हं,” म्हणाला. पुढे वीसेक पावलं नुसते गुडघेच वाजत होते. मागून आई म्हणाली, “केन्साकू, थकला असशील, ठेव त्याला खाली.” तो म्हणाला, “नाही काकू, अजून आहे थोडं.” आणि बरोबर पुलाच्या पहिल्या फळीशी येऊन थांबला, हळूच वाकला, असं अलगद उतरवलं मला, अलगद, तुम्हाला सांगतो, अंड्याची टोपली ठेवावी तसं, आणि धापा टाकत म्हणाला, “पुलापर्यंत म्हणालो होतो. झालं?”

लक्षात होतं त्याच्या! बावन्न वर्षं लक्षात होतं! आता अशा माणसाला शिव्या घालायच्या तरी कशा? मी कठड्याला धरून उभा. हो, उभा! आणि तो खाली बसलेला, पाय पसरून, तोंड लालबुंद, दोन्ही हात जमिनीला. आई समोर आली, चष्मा वर केला, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे. बघतच राहिली. आरशातलं ते मधलं तोंड मला आठवेचना. जे होतं तेच होतं तोंडावर. तिने खिरीची वाटी माझ्या हातात दिली, म्हणाली, “वडिलांवर गेलास. मला उगाच वाटत होतं माझ्यावर गेलायस.”

आणि मग हा कादोवाकी, खालूनच, डोळे पुसत, अगदी मनापासून हो, पोटातून बोलला, “यासू, काकूंची शपथ. पुढच्या वर्षी गुरुजींनी विचारायची वाट नाही बघायची. मीच विचारतो तुला, आत्ता, इथे. पुढच्या वर्षी तू फेकशील?”

आई माझ्याकडे बघतेय. पूल माझ्याकडे बघतोय. हो म्हणायचं, बास, एक अक्षर! मी तोंड उघडलं, आणि काय निघालं असेल?

“छे छे, माझी कुठे लायकी!”

तो म्हणाला, “बरं.”

…द्या तो शर्ट. आणि तुमच्याकडे ती पट्टी अजून एक असेल तर ठेवून द्या हो, पुढच्या अकरा जानेवारीला लागेल.